निळ्या गाडीतला बारीक आवाज

सत्तावन्नाव्या वर्षी बाईने स्पोर्ट्स कार घ्यावी का, यावर इमारतीतल्या लोकांनी जिन्यात उभं राहून भरपूर चर्चा केली. त्यात गाडी सेकंडहँड, दोनच दारांची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की खालून मांजरही जाऊ नये. करा बाबांनो चर्चा. चर्चेला पेट्रोल थोडंच लागतं! पण एक गोष्ट त्यांच्यापैकी कुणीच विचारली नाही, आणि ती म्हणजे बाईंना ती गाडी हवी कशाला होती. विचारलं असतं तर सरळ उत्तर मिळालं असतं. बाईंना ती गाडी ऐकायची होती.

इमारतीत त्यांना कानवाल्या काकू म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्या कानाची यंत्रं बसवण्याच्या दुकानात होत्या. दुकानात एक केबिन होती, आतून फोम लावलेली, जाड दाराची. गिऱ्हाईक आत बसायचं, कानावर हेडफोन आणि हातात बटण. काकू काचेबाहेर बसून बारीक बारीक आवाज सोडायच्या. ऐकू आला की बटण दाबायचं. दिवसभर हेच. आवाज वाढव, आवाज कमी कर, कागदावर रेघ काढ, आणि मग बाहेर आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून शांतपणे सांग की त्याच्या कानाचं नेमकं काय झालंय.

अशा कामाने माणसाचे कान तयार होतात. कुणाचा मिक्सर कुरकुरला, कुणाचा पंखा कण्हायला लागला, की काकूंना हाक. काकू दारातूनच ऐकायच्या. आतही यायच्या नाहीत. "बेअरिंग चाललंय. महिनाभर काढेल अजून," म्हणायच्या, आणि महिन्याने ते जायचंच. आपल्या कानांचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? जे आहे त्याचा गर्व करायला काय हरकत आहे? नसलेल्याचा करणारे काय थोडे आहेत!

तर ही गाडी. सहा सिलिंडर एका ओळीत, आणि मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेली की ते सहाही जण एका सुरात गायला लागायचे. विकणाऱ्याने पहिल्यांदा गाडी चालवायला दिली तेव्हा काकूंनी तो सूर ऐकला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं, आता थोडं आपल्यासाठी ऐकू दे, असं त्यांच्या मनात आलं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला हे जसंच्या तसं सांगितलं.

नवरा म्हणजे मीटरकाका. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चौतीस वर्षांत या माणसाने मीटर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक आकडा लिहिला नाही. दाराशी कुत्रा असो, मीटरवर मधमाश्या असोत, काका आत जाणार, काच पुसणार, वाकून बघणार आणि मगच लिहिणार. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "लेखी आहे का?" लग्न ठरलं तेव्हा होकारही त्यांनी लेखीच मागितला असेल, असं काकू चारचौघांत सांगायच्या आणि काका नाकारायचे नाहीत.

"घे," काका म्हणाले. "पण वाढीव वॉरंटी मिळाली तरच ठेवायची. तीन वर्षांची, इंजिनासकट. नाहीतर दहा दिवसांत परत. परत घेईन असं विकणाऱ्याने लेखी द्यायचं."

"आणि नाहीच मिळाली तर?"

"तर परत. अगं, या गाडीचं इंजिन बसलं तर आपणही त्याच्या शेजारी फतकल मारून बसू. तुझ्या हौसेला माझी ना नाही, पण हौसेच्या मागे कुणीतरी उभं पाहिजे ना?"

काकूंना हे पटलं. न पटून सांगतात कुणाला!

गाडी आली. निळी होती, पण भडक नाही. शाईच्या दौतीत पाणी पडल्यावर होते तशी. तळघरातल्या पार्किंगमध्ये ती लावली तेव्हा काकांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत बसून पाहिलं. आधी बूड टेकायचं, मग पाय आत घ्यायचे, मग उरलेलं अंग. "ही गाडी नाही, पायमोजा आहे. हिच्यात बसत नाहीत, ही घालावी लागते," ते म्हणाले.

पहिले तीन दिवस काकूंनी ती फारशी चालवलीही नाही. तुम्ही म्हणाल, मग घेतली कशाला? पण भूक लागलेली असताना ताट समोर आलं की क्षणभर नुसतं बघत राहावंसं वाटतं, तसं त्यांचं झालं होतं. दुपारचं काम संपलं की त्या तळघरात उतरायच्या, गाडीत बसायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. दार लागायचं ते धाडकन नाही, धप्प असं, उशी ठेवल्यासारखं. आणि सगळं जग बाहेर राहायचं. तळघरातला मोठा पंखा बाहेर, लिफ्ट बाहेर, वरच्या मजल्यावरची भांडी बाहेर. किल्ली एक टप्पा फिरवली की समोरचे दिवे लागायचे, हिरवे आणि पिवळे. वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन तिरकं येऊन बॉनेटवर पडायचं आणि हळूहळू सरकत जायचं.

त्या उन्हाबरोबर काकूही सरकायच्या. गाडी जागेवर, पण रस्ता चालू. एकदा वळणाचा घाट लागला, एकदा दोन्ही बाजूंना उंच गवत लागलं आणि गवताच्या वर फक्त आकाश. एकदा तर डोळा लागला आणि गाडी तळ्याच्या तळाशी उतरली. हिरव्या पाण्यातून दिवे लावून चालली होती, चाकांखालची वाळू धुरासारखी उठत होती, मासे बाजूला होऊन वाट देत होते. एक मोठा मासा काचेपाशी आला, आत डोकावला आणि काकांच्या आवाजात म्हणाला, "लेखी आहे का?" काकू जाग्या झाल्या आणि एकट्याच हसल्या. इतकं स्वस्थ त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांना तो आवाज आला.

फार बारीक होता. शिट्टी म्हणावी तर शिट्टीपेक्षा बारीक. वर चढत नव्हता, खाली येत नव्हता, थांबत नव्हता. काकूंनी डोळे मिटून त्याची पट्टीसुद्धा ठरवली, सहा हजार हर्ट्‌झच्या जवळपास. इंजिन चालू केलं की इंजिनाच्या घरघरीत तो बुडायचा. बंद केलं की परत यायचा. किल्ली काढली तरी राहायचा, आणि दार उघडलं की तळघरातल्या पंख्याच्या आवाजात हरवायचा. म्हणजे गाडीच्या आतलाच, आणि इंजिन बंद असतानाही चालू राहणारा. एखादा पंप असेल, नाहीतर विजेचा काहीतरी भाग. आणि वॉरंटीचा अर्ज तर वर टेबलावर होता, त्यातला नववा प्रश्न त्यांना पाठ होता.

"गाडीमधून कोणताही असाधारण आवाज येत असल्याचे आपल्या निदर्शनास आले आहे काय?"

खालचा मुंगीएवढा मजकूर काकांनी भिंग लावून वाचून काढला होता. उत्तर होय असेल तर वॉरंटी कंपनीचा मिस्त्री गाडी तपासणार. आवाजाचं कारण सापडलं तर विकणाऱ्याने दुरुस्त करून द्यायचं, आणि मग वॉरंटी मिळणार. कारण सापडलं नाही तर इंजिन आणि त्याला जोडलेलं सगळं वॉरंटीतून बाद. आणि माहीत असून नाही लिहिलं आणि पुढे उघडकीला आलं, तर अख्खी वॉरंटीच रद्द.

काकूंनी विकणाऱ्याला फोन केला. त्याच्या बोलण्यात इतकी साखर होती की फोन कानाला चिकटावा.

"अहो काकू, नववा प्रश्न असतोच नाही म्हणायला. सगळे नाहीच लिहितात. तुम्हीपण एक बारीकशी टिक करा आणि मोकळ्या व्हा!"

"मग छापता कशाला?"

"आता ते कंपनीला विचारा," तो हसत म्हणाला. "आणि काकू, मी स्वतः गाडीत बसलोय. मला तर काही ऐकू आलं नाही."

"तुम्हाला नसेल आलं. मला आलंय," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला.

खोटं लिहायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्या ऐकण्यातलं खोटं पकडत आल्या होत्या. ऐकू येत नसताना येतं म्हणणारे म्हातारे, येत असताना नाही म्हणणारी नोकरीला कंटाळलेली माणसं. त्या सगळ्यांना खुर्चीत बसवून त्यांनी सांगितलं होतं की कानाच्या बाबतीत खोटं बोललात तर नुकसान तुमचंच. आता स्वतःच्या वेळी कानावर हात ठेवायचे? छे!

पण मनात एक किडा वळवळत होताच. म्हणून त्यांनी काकांना खाली बोलावलं. काका तो पायमोजा घालून शेजारच्या सीटवर बसले, गुडघे हनुवटीला. दार धप्प लागलं.

"ऐका आता. बोलू नका."

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मीटरच्या काचेशी वाकायचे तसे पुढे वाकून ऐकत राहिले. मग डोळे उघडून त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"येतोय?"

"येतोय," काका म्हणाले. "बारीक आहे."

काकूंचा जीव भांड्यात पडला. आता हे चमत्कारिकच, कारण आवाज असणं म्हणजे गाडी जाण्याची वेळ जवळ येणं. पण दोघांना आला म्हणजे आवाज आहे, भास नाही. आणि जो आवाज आहे त्याला कारण आहे, आणि कारण असलं की ते सापडतं. नवव्या प्रश्नापुढे त्यांनी ठसठशीत होय लिहिलं.

आठव्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे गेली. दोन दिवस उरले होते.

कंपनीने नेमलेले हे मिस्त्री साठीला आलेले, जाड भुवयांचे, आणि बोलण्याच्या बाबतीत कंजूस. गॅरेज मोठं होतं आणि विलक्षण स्वच्छ. छताच्या काचांमधून दुधासारखा उजेड खाली येत होता आणि त्यात धुळीचे कण आरामात फिरत होते. गाडी लिफ्टवर चढली, वर गेली आणि तिथे तरंगत राहिली. काकूंना खालून तिचं पोट दिसलं, नळ्या, तारा, झाकणं, आणि त्यांना उगाचच संकोच वाटला. आपल्या माणसाला दवाखान्यात उघड्या अंगाने बघावं तसं काहीसं.

मिस्त्रींनी दोन तास घेतले. पंप काढून पाहिला, पट्टे पाहिले, विजेचे भाग एकेक करून बंद केले आणि चालू केले. मग गाडी खाली घेतली, आत बसले, दार लावलं आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी मान हलवली.

"काही नाही बाई."

"आहे. तुम्हाला ऐकू येत नसेल."

"असेलही. माझे कान काही तुमच्याइतके तयार नाहीत."

"आमच्या ह्यांनापण येतो," काकू म्हणाल्या. आवाज जरा चढला होता. "आणि हे बघा मिस्त्री, नाही सापडला असं तुम्ही लिहिलंत, तर माझी गाडी परवा जाते. मला ती घालवायची नाहीये. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी फक्त माझ्यासाठी घेतली आहे. तुम्ही नीट शोधा, मी हात जोडते."

मिस्त्रींनी हात पुसले. मग त्यांनी भिंतीवरून एक वस्तू काढली. डॉक्टरांच्या नळीसारखीच होती, कानात घालायची दोन टोकं, लांबलचक रबरी नळी, फक्त छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी पोलादी दांडी. दांडी ज्या भागावर टेकवावी त्याचा आवाज कानात. काकूंना त्यांनी एका स्टुलावर, गाडीच्या नाकाशी बसवलं.

"तुम्हीच ऐका. किल्ली एका टप्प्यावर ठेवलीय, इंजिन बंद आहे. मी दांडी फिरवतो. डोळे मिटा, म्हणजे लक्ष लागेल. आवाज आला की हात वर करा."

काकूंनी ती टोकं कानात घातली आणि डोळे मिटले. गॅरेज नाहीसं झालं. आणि आला की आवाज! इतका स्पष्ट तर तो गाडीतही येत नव्हता. हिरव्या पाण्यातून एखादी चंदेरी तार सरळ लांबवर गेलेली असावी तसा. काकूंनी हात वर केला. दांडी सरकल्याची खरखर झाली. परत हात वर. पुन्हा खरखर, पुन्हा हात. आता तर तो अगदीच मोकळा झाला, बाकी कसलीच भेसळ नाही. "इथे!" काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "इथे सगळ्यात चांगला येतोय. हाच भाग, मिस्त्री. हाच!"

कुठला भाग तो बघायलाच हवा होता.

काकूंनी डोळे उघडले. मिस्त्री गाडीपासून दोन पावलं मागे उभे होते. नळी ताणलेली होती, दांडी त्यांच्या हातात होती, आणि दांडीचं टोक हवेत होतं. कशालाही टेकलेलं नव्हतं.

आता ही युक्ती काकूंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ही त्यांचीच युक्ती होती. केबिनमधलं गिऱ्हाईक खरंच ऐकतंय की अंदाजाने बटण दाबतंय, हे बघायला त्या मध्येच आवाज सोडणं बंद करायच्या आणि शांतता चालू ठेवायच्या. शांततेतही जो बटण दाबत राहिला, त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात त्या एक छोटी फुली मारायच्या. त्यातले काही खोटं बोलणारे निघायचे. पण काही बिचारे खरं बोलत असायचे, कारण त्यांच्या कानात आवाज स्वतःच तयार होत असायचा.

"किती वेळा?" काकूंनी विचारलं.

"शेवटच्या दोन वेळा," मिस्त्री हळूच म्हणाले. "माफ करा बाई. काही गिऱ्हाइकांना आवाज येतात. असं केल्याशिवाय मला कळत नाही."

"माफी कसली. बरोबर केलंत. मीसुद्धा हेच केलं असतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कुणाच्या पंख्याचं बेअरिंग महिनाभर आधी ओळखणारी बाई, आणि स्वतःच्या डोक्यात काय वाजतंय याचा पत्ता नाही! पण हसू नका. अठ्ठावीस वर्षं ती बाई त्या केबिनच्या बाहेर बसली होती. आत कधी गेलीच नव्हती. दुकानात माणसांची बोलणी, घरात पंखे आणि फ्रीज, रस्त्यावर रस्ता. दार धप्प लावून खऱ्या शांततेत बसायची वेळ तिच्यावर या गाडीने आणली. तो आवाज केव्हापासून सोबत होता कोण जाणे.

मिस्त्रींनी कागद लिहून दिला, गाडीत कोणताही दोष आढळला नाही, तक्रार गाडीशी संबंधित नाही. सही, शिक्का. काकूंनी अर्जावरचा होय खोडला, शेजारी नाही लिहिलं आणि आपली सही केली. त्यात आता काही खोटं नव्हतं. वॉरंटी मिळाली. गाडी राहिली. ज्यासाठी आठ दिवस जीव टांगणीला लागला होता ते सगळं झालं, आणि काकूंना रडू येत होतं.

त्यांना पुढचं सगळं माहीत होतं, हीच तर पंचाईत. हा आवाज बहुतेक वेळा जात नाही. त्याच्यामागून कधीकधी वरच्या पट्ट्या जातात, आधी पक्ष्यांच्या, मग बोलण्यातल्या बारीक अक्षरांच्या. हे त्यांनी कितीतरी लोकांना सांगितलं होतं आणि शेवटी हसून म्हटलं होतं, "सवय होते हो." किती सहज म्हटलं होतं! ज्यांना म्हटलं ती माणसं घरी जाऊन काय करत असतील, असा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. आज आला, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या सरळ घरी गेल्या नाहीत. तळ्याकाठचा रस्ता दुपारी रिकामा असतो, तिकडे वळल्या. पाणी आणि आकाश एकाच रंगाचं झालं होतं, मधली रेघ पुसलेली. काकूंनी पाय दाबला. काटा चार हजारांवर गेला आणि ते सहाही जण गायला लागले, आणि त्या गाण्यात बारीक आवाज विरघळून गेला. पाय सैल केला की हजर. दाबला की गायब. झाडं मागे गेली, एक होडी मागे गेली, वळण आलं आणि गेलं. गाडी रस्त्यावरून चाललीय की रस्त्याच्या थोडी वरून, ते कळत नव्हतं. तीन फेऱ्या त्यांनी मारल्या. तिसऱ्या फेरीत त्या मोठमोठ्याने रडत होत्या आणि इंजिनामुळे ते त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. आणि तरी, खरं सांगायचं तर, सूर सुरेख लागला होता.

घरी आल्या तेव्हा काका तळघरातच होते. एका जुन्या खुर्चीवर बसून वाट बघत होते. काकू उतरल्या नाहीत, काच खाली केली.

"मिळालं?" काकांनी विचारलं. "लेखी?"

काकूंनी कागद दिला. काकांनी चष्मा वर केला, अक्षरन् अक्षर वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला.

"दोष आढळला नाही," ते म्हणाले. "छान झालं की. मग तो आवाज?"

"गाडीत नाही. माझ्या कानात आहे."

काकांचा हात कागदासकट तसाच राहिला.

"दांडी हवेत होती आणि मी हात वर करत होते," काकू म्हणाल्या. "नवख्या गिऱ्हाइकासारखी. माझ्या कानात आहे तो, अहो. माझ्या एकटीच्या. आता तुम्ही मला सांगा, तो तुम्हाला कसा ऐकू येत होता?"

काकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"मला नव्हता येत," ते म्हणाले.

चौतीस वर्षांत न बघता एक आकडा न लिहिलेला माणूस! काकूंना आधी खरंच वाटेना. मग संतापाची अशी तिडीक उठली की त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"म्हणजे खोटं बोललात! माझ्याशी! तुमच्या भरवशावर मी तिथे भांडले, ह्यांनापण येतो म्हणून सांगितलं. तुम्हाला ही गाडी नकोच होती, सरळ म्हणायचं ना तसं! आवाज आहे म्हटलं की वॉरंटी नाही, वॉरंटी नाही की गाडी परत. बरोबर जमवलं होतंत!"

"नाही गं. तसं नाही."

"मग कसं?"

काका गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. दार उघडलं, आधी बूड टेकलं, मग कण्हत पाय आत घेतले आणि दार ओढलं. पंखा बाहेर राहिला.

"तू रोज इथे एकटी बसून ऐकत होतीस," ते म्हणाले. "वर यायचीस तेव्हा तोंड एवढंसं झालेलं असायचं. त्या दिवशी मी खूप प्रयत्न केला ऐकायचा. खरंच केला. काहीच येईना. डोळे उघडले तर तू माझ्याकडे अशी बघत होतीस... मला वाटलं, दोघांनी ऐकला तर तुझ्या वाट्याला अर्धाच येईल."

काकूंनी स्टिअरिंगवरचा हात खाली घेतला.

"आता आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे."

"कसा आहे?"

अठ्ठावीस वर्षं हा प्रश्न काकूंनी दुसऱ्यांना विचारला होता. त्यांना कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. काका आपले मान तिरकी करून वाट बघत होते.

"बारीक आहे," काकू म्हणाल्या. "डावीकडे जरा जास्त."

"डावीकडे," काका म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. मिस्त्रींच्या कागदाची मागची बाजू गुडघ्यावर धरली, वर आजची तारीख लिहिली. "सांग. सावकाश सांग, मी सगळं लिहून घेतो."